जायंट वुड स्पायडरचा अभ्यास: चाळीस फोटोंऐवजी एक जाळं

तुम्ही लिहिलं आहे ते थोडक्यात असं: संगमेश्वरजवळच्या एका देवराईत श्रावणापासून पाच-सहा मोठे कोळी दिसताहेत. अंग काळपट आणि लांबट, पाठीवर पिवळ्या रेघा, पाय पसरले की हाताच्या पंजाएवढा पसारा, आणि जाळं उन्हात सोनेरी चमकतं. बी.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तुम्हाला या जातीवर लिहायचं आहे. ‘रूप, वर्तन, अधिवास’ अशी तीन प्रकरणं पाडली आहेत आणि दिवाळीपर्यंत निरनिराळ्या चाळीस कोळ्यांचे फोटो जमवायचं ठरवलं आहे. शिवाय घरचे म्हणतात की कोळी विषारी आहे, जवळ जाऊ नकोस.

मी वीसेक वर्षं सह्याद्रीत कोळी पाहतो आहे. माझा सल्ला असा की चाळीस कोळ्यांचा बेत सोडा. त्या देवराईतल्या पाच-सहा माद्या पुरेशा आहेत, आणि त्यांतल्या एकीजवळ तरी तुम्ही पुन्हा पुन्हा जाऊन बसलं पाहिजे. चाळीस फोटोंतून चाळीस वेळा एकच गोष्ट कळेल: हा कोळी असा दिसतो. एकाच जाळ्यापाशी पंधरा सकाळी काढल्यात तर तो असा का दिसतो, इथेच का बसतो आणि दिवसभर काय करतो, हे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले दिसतील. तुमची तीन प्रकरणं वेगळी राहणारच नाहीत.

आधी नाव. तुमच्या वर्णनावरून ही नेफिला पिलिपीसची मादी आहे याबद्दल मला शंका वाटत नाही. इंग्रजीत तिला जायंट वुड स्पायडर म्हणतात आणि मराठी निसर्गप्रेमींच्या तोंडीही आता तेच नाव रुळलं आहे. १७९३ साली फॅब्रिशियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने या जातीचं वर्णन केलं. नेफिला या प्रजातीनामाचा (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) ग्रीक अर्थ ‘कातण्याची आवड असलेली’. भारत, श्रीलंकेपासून आग्नेय आशिया, दक्षिण चीन, न्यू गिनी ते थेट उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत ती आढळते. म्हणजे तुमच्या देवराईतल्या मादीचे भाऊबंद हजारो किलोमीटर लांबच्या जंगलातही जाळी विणताहेत, आणि त्यांच्यावर तिथल्या लोकांनी काम केलेलं आहे.

ते काम सापडायचं तर एक गोष्ट ठाऊक हवी. विसाव्या शतकातल्या बहुतेक लिखाणात हीच जात ‘नेफिला मॅक्युलाटा’ या नावाने येते. मायकेल आणि बार्बरा रॉबिन्सन या दांपत्याने न्यू गिनीत या कोळ्याचा जो निवांत, बारकाईचा अभ्यास केला आणि १९७३ साली प्रसिद्ध केला, तोही याच जुन्या नावाखाली आहे. फक्त ‘पिलिपीस’ शोधाल तर तुमच्या विषयावरचं अत्यंत मोलाचं क्षेत्रकार्य हातातून निसटेल. कुळाचंही तसंच. एकेकाळी ही प्रजाती टेट्राग्नाथिडी कुळात होती, मग नेफिलिडी असं स्वतंत्र कुळ मानलं गेलं, आणि अलीकडच्या बऱ्याच लिखाणात ती अ‍ॅरेनिडी कुळात आहे. जगभरच्या कोळ्यांची प्रमाण सूची म्हणजे वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग. बर्नच्या निसर्ग इतिहास संग्रहालयाकडून ती चालवली जाते. २०२२ साली तिच्यात ५०,०००वी जात नोंदली गेली. प्रकल्पात नाव लिहिण्याआधी तिथे एकदा पाहा. पुस्तकात छापलेलं नाव जुनं झालेलं असू शकतं.

आता रूप. बहुतेक कोळ्यांची जात फोटोवरून ठरवता येत नाही. पूर्ण वाढलेल्या मादीच्या पोटाखालचा एपिजाइन, म्हणजे तिचं जननांग, किंवा नराच्या पेडिपाल्पची, म्हणजे तोंडाजवळच्या छोट्या पायांसारख्या अवयवांची, टोकं सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात. नेफिला पिलिपीसची पूर्ण वाढलेली मादी हा त्याला एक सुखद अपवाद आहे. तरी ‘पिवळे पट्टे, मोठा कोळी’ एवढ्यावर थांबू नका. शरीराची लांबी ३ ते ५ सेंटिमीटर, पोट नळकांड्यासारखं लांबट, त्यावर उभ्या पिवळ्या रेघा आणि ठिपके. शिरोवक्षावर, म्हणजे डोकं आणि छाती मिळून झालेल्या पुढच्या भागावर, रुपेरी लव आणि दोन छोटे उंचवटे असतात. ते शिंगांसारखे दिसतात आणि बाजूने फोटो काढला तरच नीट येतात. पाय काळे, सांध्यांपाशी पिवळे. काही ठिकाणी पूर्ण काळ्या माद्याही सापडतात, तेव्हा पिवळा रंग नाही म्हणून जात वेगळी, असं समजू नका.

हिच्याशी घोळ होतो तो बहुधा सिग्नेचर स्पायडरचा, म्हणजे अर्जिओपीचा. तीही पिवळी-काळी आणि जाळ्याच्या मधोमध बसते. पण ती पाय दोन-दोन जोडून फुलीसारखे धरते, जाळ्यावर पांढऱ्या रेशमाची नागमोडी वीण घालते आणि झुडपात, गवतात, बागेत खाली राहते. तुमच्या मादीच्या जाळ्यात अशी नक्षी नसेल. झाडाच्या बुंध्याला किंवा देवळाच्या भिंतीला चिकटून बसलेला, चपट्या पांढुरक्या पोटाचा, लालसर ठिपक्यांचा कोळी दिसला तर तो हेरेनिया, नेफिलाचाच नातलग. त्याचीही नोंद ठेवा, देवरायांत तो अनेकदा भेटतो.

प्रत्येक मादीचे निदान पाच फोटो हवेत: पाठ, पोट, एक बाजू, चेहरा आणि अख्खं जाळं. लोक पोटाचा फोटो विसरतात आणि मग नाव सांगायला आमच्याकडे येतात. ही मादी जाळ्याच्या एका अंगाला डोकं खाली करून बसते, त्यामुळे जाळ्याच्या दुसऱ्या बाजूला गेलात की पोट दिसतं. वाकून जाळ्याखालून जाऊ नका, वळसा घालून जा. आधाराचा एक लांब धागा तुटला की अख्खी चौकट ढिली पडते.

मापाबाबत एक गोष्ट मी उशिरा शिकलो. पोटाची लांबी मापून मादी वाढली की नाही ते ठरवता येत नाही, कारण पोट खाण्यावर फुगतं आणि अंडी घातल्यावर एका रात्रीत सुरकुततं. वाढ कळते ती कात टाकल्याशिवाय न बदलणाऱ्या कठीण भागांवरून. पुढच्या पायाचं गुडघ्यापासूनचं लांब पेर किंवा शिरोवक्षाची रुंदी धरा. कोळ्याला हात लावायची गरज नाही. जाळ्याच्या पातळीतच, दहा-बारा सेंटिमीटर अंतरावर पट्टी धरून फोटो काढा आणि घरी संगणकावर मापा. पट्टी कोळ्याच्या पुढे किंवा मागे धरली तर माप चुकतं, हे लक्षात ठेवा.

नराबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे माझी स्वतःची मोठी चूक झाली होती. पहिल्या हंगामात मी वहीत लिहून ठेवलं होतं, ‘मादीच्या जाळ्यात तिची पिल्लं राहतात.’ दोन-तीन तांबूस, नखाएवढे कोळी जाळ्याच्या वरच्या भागात बसलेले मला दिसत होते, आणि आईजवळ पिल्लं हे चित्र इतकं ओळखीचं होतं की मी पुढे पाहिलंच नाही. दुसऱ्या वर्षी भिंगातून पाहिलं तेव्हा त्या ‘पिल्लांच्या’ पेडिपाल्पची टोकं मुष्टियोद्ध्याच्या हातमोज्यांसारखी फुगीर दिसली. ते पूर्ण वाढलेले नर होते. नराची लांबी जेमतेम ५-६ मिलिमीटर असते. मादीचं वजन त्याच्या शंभराहून अधिक पट भरतं. एका वर्षाच्या माझ्या साऱ्या नोंदी मला पुन्हा तपासाव्या लागल्या.

तेव्हा जाळ्यात दिसणाऱ्या प्रत्येक छोट्या कोळ्याकडे भिंगातून पाहा. तांबूस-तपकिरी आणि मादीच्या आसपास असेल तर नर असण्याची शक्यता जास्त. एका जाळ्यात अनेक नर असू शकतात, आणि सहसा त्यांतला दांडगा मादीच्या अगदी जवळची जागा धरून बसतो. मादी खाण्यात गुंतली की नर पुढे सरकतो. तो तिच्या पाठीवर चढून शिरोवक्षावर आणि पोटाच्या पुढच्या भागावर बारीक धागे घालताना दिसला तर जितकी मिनिटं जमेल तितकी पाहा आणि लिहा. या धाग्यांनी एवढी मोठी मादी बांधली जात नाही, ती सहज सुटू शकते. पण २०११ साली या जातीवर प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसलं की त्या स्पर्शाने मादी शांत राहते आणि नराला खाण्याचा धोका कमी होतो. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि देवराईत डोळ्यांसमोर घडताना पाहणं वेगळं.

तिसरे रहिवासी म्हणजे अर्जायरोडिस. दोन-चार मिलिमीटरचे, पोट चांदीच्या थेंबासारखं चमकणारं, कधी त्यात लाल रंग. पावसाचे थेंबच समजून डोळा त्यांच्यावरून घसरतो. हे चोर कोळी आहेत. स्वतःचं जाळं न विणता मादीच्या जाळ्याच्या कडेला राहतात, तिला नको असलेले बारीक कीटक उचलतात, कधी तिने गुंडाळून ठेवलेला घासही पळवतात. तुमच्या प्रकल्पाला एक नेमका प्रश्न हवा असेल तर तो इथे आहे: जाळं मोठं तसे चोर जास्त का? पाच-सहा माद्यांवर ठाम उत्तर मिळणार नाही, पण दर आठवड्याला जाळ्याची उंची-रुंदी आणि चोरांची संख्या टिपलीत तर एका महिन्यात खरा, तुमचा स्वतःचा तक्ता हातात येईल.

जाळ्याकडे वळू. माझ्या मते या जातीचं अर्धं वर्तन जाळ्यातच लिहिलेलं असतं. मोठ्या मादीचं जाळं मीटरभर किंवा त्याहून मोठं असतं, पण ते शाळेच्या चित्रातल्यासारखं गोल नसतं. मादी बसते ती जागा मधोमध नसून बरीच वर, वरच्या कडेजवळ असते, आणि बहुतेक जाळं तिच्या खाली पसरलेलं असतं. आता जवळून पाहा. चिकट धाग्यांचे सात-आठ फेरे, मग थोडी फट आणि एक वेगळा कोरडा धागा, पुन्हा फेरे, पुन्हा कोरडा धागा. एकसमान विणीऐवजी असे पट्टे पडलेले दिसतात. इतर बरेच चक्राकार जाळं विणणारे कोळी चिकट धागा घालताना तो तात्पुरता कोरडा धागा कापून टाकतात. नेफिला तो तसाच ठेवते. मादी समोर नसतानाही जाळ्यावरून प्रजाती ओळखायची ही उत्तम खूण आहे. दुसरं, अनेक जाळेवाले कोळी रोज जाळं खाऊन नवं विणतात. ही मात्र जाळं दिवसचे दिवस टिकवते आणि एका वेळी साधारण अर्धा भागच बदलते. त्यामुळे जाळ्याची एक बाजू ताजी, घट्ट आणि दुसरी जुनी, पानं-पिसं अडकलेली अशी दिसेल. कोणती बाजू कधी बदलली ते तारखेसह लिहा.

जाळं फोटोत यावं म्हणून काही जण त्यावर पीठ किंवा पावडर भुरभुरवतात. मला ते पटत नाही. चिकट धागा निकामी होतो आणि मादीला सगळं पुन्हा विणावं लागतं, मग तुम्ही जे वर्तन टिपता ते तुमच्याच पावडरीचं असतं. ऑगस्ट-सप्टेंबरात आपल्याकडे धुकं आणि दहिवर फुकट मिळतं. पहाटे सहा-साडेसहाला पोहोचा, मागे काळं कापड धरायला एखाद्या मैत्रिणीला न्या, प्रत्येक धागा मोजता येईल.

आता बसण्याची रीत. जाळ्यापासून दीड-दोन मीटरवर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला बसा. तुमचा श्वास जाळ्यावर गेला तरी ती हलते, कधी अख्खं जाळं झुलवते. पहिली दहा मिनिटं काहीच लिहू नका, तिला स्थिर होऊ द्या. मग अर्धा तास सलग पाहायचं आणि दर मिनिटाला ती काय करते ते एका शब्दात टिपायचं. ते शब्द आधी ठरवून घ्या: स्थिर, वीण, झेप, दंश, गुंडाळणं, खाणं, पाय साफ करणं, जाळं झुलवणं. ऐन वेळी नवे शब्द सुचत गेले की शेवटी मोजता येत नाही. ‘ती चिडली’, ‘ती घाबरली’ असं लिहू नका. ‘पुढचे चार पाय उचलले, तीनदा जाळं झुलवलं’ असं लिहा. अर्थ नंतर लावता येतो, न लिहिलेली हालचाल परत मिळत नाही.

बहुतेक वेळ वहीत ‘स्थिर’ हाच शब्द येईल. त्याने निराश होऊ नका, ती खरी माहिती आहे. ही मादी दिवसरात्र जाळ्यातच असते, पानाच्या गुंडाळीत लपून बसत नाही, आणि तासन् तास न हलणं हा तिच्या जगण्याचा मोठा भाग आहे. कीटक अडकला की मात्र बारकाईने क्रम पाहा. अर्जिओपी सहसा आधी रेशमाने गुंडाळते आणि मग चावते. नेफिला बहुतेकदा आधी चावते, भक्ष्य ढिलं पडलं की जाळ्यातून सोडवते, गुंडाळते आणि आपल्या बसायच्या जागी नेऊन टांगते. मोठा नाकतोडा, लहानशी माशी, दोन्हींच्या वेळी हाच क्रम राहतो का, ते पाहण्यासारखं आहे. फुलपाखरू किंवा पतंग असेल तर त्याचे खवले धाग्याला चिकटून राहतात आणि ते स्वतः निसटून जाऊ शकतं. अशी निसटलेली शिकारही लिहा.

व्हिडिओसाठी जाळ्यात टोळ फेकू नका. प्रयोग म्हणून ठरवून खाऊ घालणं वेगळं. त्याची वेगळी वही, वेगळी मादी. दोन्ही मिसळलंत तर नैसर्गिक शिकारीचं प्रमाण कायमचं हरवतं. आणखी एक: उन्हाची तिरीप मादीवर पडली की तिच्या अंगाची दिशा बदलते का, ते बघा. अमेरिकेतल्या तिच्या एका नातलग जातीत भर उन्हात पोटाचं टोक सूर्याकडे रोखून अंगावर कमीत कमी ऊन घेण्याची सवय नीट अभ्यासली गेली आहे. तुमच्या देवराईत झाडी दाट, तिथे अशी वेळ दिवसातून किती मिनिटं येते, हे आधी अधिवासाच्या नोंदीतच कळेल.

अधिवासाच्या नावाखाली बहुतेक प्रकल्पांत ‘दमट सदाहरित व निमसदाहरित जंगल’ एवढं एक वाक्य असतं. ते खोटं नाही, पण त्यातून कोळ्याचं घर दिसत नाही. प्रत्येक जाळ्यासाठी जमिनीपासून मादीची उंची, जाळ्याचा तळ किती उंचीवर, कोणकोणत्या झाडांना आधाराचे धागे, त्यांच्यातलं अंतर, डोक्यावर पानांची छाया किती, ओढा किती पावलांवर, जाळ्याचं तोंड कुठल्या दिशेला, एवढं लिहा. एवढ्या मोठ्या जाळ्याला दोन झाडांमध्ये मोकळी जागा लागते, आणि त्या मोकळ्या जागेतून कीटकांची ये-जाही हवी. म्हणून ओढ्यावर, वाटेवर, पडलेल्या झाडामुळे झालेल्या खिडकीत ही जाळी जास्त सापडतात.

पण इथेच एक फसगत आहे. आपण स्वतः वाटेनेच चालतो, त्यामुळे वाटेवरचेच कोळी दिसतात आणि मग आपण लिहितो की या जातीला वाटेकडेची जागा आवडते. हे टाळायला वाटेपासून आत पन्नास मीटरची एक दोरी ताणा, तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर शोधा, आणि काहीच सापडलं नाही तरी ‘शून्य’ म्हणून नोंद करा. जिथे कोळी नाही तिथलीही छाया, उंची, झाडांमधलं अंतर मोजा. आहे आणि नाही अशा दोन्ही जागा शेजारी मांडल्याशिवाय अधिवासाबद्दल काही सिद्ध होत नाही. देवराईच्या बाहेरच्या आंबा-काजूच्या बागेतही अशीच एक दोरी ताणलीत तर तुमचा प्रकल्प महाविद्यालयातल्या फाइलीपलीकडे उपयोगाचा होईल. कोकणात देवरायांच्या कडा किती वेगाने बागांकडे सरकताहेत हे आपण सगळे बघतो आहोत, आणि त्या बदलात कोण टिकतं याच्या नोंदी फार थोड्या आहेत.

तीच मादी पुन्हा ओळखायला जाळ्याजवळच्या झाडावर रंगीत सुतळी बांधा, क्रमांक द्या. जाळ्याला किंवा कोळ्याला काही लावू नका. एखादा पाय तुटलेला असेल तर तो कुठल्या बाजूचा, कितवा, हे लिहा, ओळख पक्की होते. मुसळधार सरीनंतर जाळं पार नाहीसं झालेलं दिसेल, तेव्हा मादी मेली असं लगेच लिहू नका. आजूबाजूला पाच-सहा मीटर शोधा, पानाखालीही बघा.

विषाचं घरच्यांना असं सांगा. विष आहे, जवळपास सगळ्याच कोळ्यांना असतं, कीटक मारायला ते लागतंच. पण नेफिला पिलिपीसचं विष माणसाला धोक्याचं मानलं जात नाही. ती आपण होऊन अंगावर येत नाही. मुठीत धरली, चिरडली तर चावू शकते, आणि मग त्या जागी दुखणं, थोडी सूज येते. ‘कोळी अंगावरून गेला की फोड येतात’ हे गावोगाव ऐकू येतं. पावसाळ्यात सकाळी उठल्यावर मानेवर-हातावर दिसणारे जळजळीत चट्टे पुष्कळदा पेडेरस नावाच्या लाल-काळ्या, मुंगीएवढ्या भुंग्याचे असतात. तो रात्री दिव्याकडे येतो, अंगावर चिरडला जातो, त्याच्या अंगातला रस त्वचा भाजतो, आणि आळ कोपऱ्यातल्या बिचाऱ्या कोळ्यावर येतो. घरच्यांची काळजी अगदी अनाठायी मात्र नाही. देवराईत मला भीती वाटते ती चापडा आणि घोणस या विषारी सापांची. पायात उंच बूट, हातात काठी, आणि झुडपात हात घालण्याआधी बघणं. एकटीने जाऊ नका. जळवांचा त्रास होईलच, त्याला इलाज म्हणजे सवय.

काही देवरायांत चपला घालून जायचं नसतं, काही भागांत बायकांनी जायचं नाही अशीही रीत सांगतात. तिथल्या गुरवाला, मानकऱ्यांना आधी भेटा, वही दाखवा, काय पाहणार ते सांगा. माझा अनुभव असा की लोक उत्सुकतेने सोबत येतात आणि कोणत्या ओढ्यावर ही जाळी दरवर्षी पडतात ते तेच दाखवतात. जागा अभयारण्याच्या हद्दीत असेल तर वनविभागाची लेखी परवानगी हवी. आणि परवानगी असो वा नसो, या प्रकल्पासाठी एकही कोळी बाटलीत भरू नका. एका हंगामातल्या पाच-सहा माद्यांपैकी एक उचलणं त्या देवराईसाठी लहान गोष्ट नाही, आणि तिच्याबद्दल जे कळायचं ते जाळ्यावरच कळतं.

सोनेरी रेशमाबद्दल तुम्ही शेवटी विचारलं आहे. मादागास्करमध्ये तिथल्या सोनेरी कोळ्यांच्या दहा लाखांहून अधिक माद्यांपासून रेशीम काढून विणलेलं अंगवस्त्र २०१२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात मांडलं होतं. ती तुमची जात नव्हे, नातलग. प्रकल्पात याला एका वाक्यापेक्षा जास्त जागा देऊ नका. तुमच्याकडे रंगाबाबत पाहण्यासारखी वेगळी गोष्ट आहे: सावलीतलं जाळं आणि उन्हातलं जाळं एकाच सकाळी दोन्ही बाजूंनी पाहा, कुठे धागे दिसतात आणि कुठे पानांच्या हिरव्या-पिवळ्यात विरून जातात. तैवानमधल्या अभ्यासांत असंही दिसलं आहे की मादीच्या अंगावरचे पिवळे पट्टे कीटकांना जाळ्याकडे ओढतात. पट्टे रंगाने झाकले तेव्हा शिकार कमी झाली. रूप आणि वर्तन ही दोन प्रकरणं वेगळी ठेवता येत नाहीत, असं मी वर म्हटलं ते यासाठीच.

आता दिवस थोडे आहेत, म्हणून हे शेवटचं. पाऊस ओसरल्यावर एखाद्या सकाळी तुमची फुगीर पोटाची मादी जाळ्यात नसेल. तेव्हा वर बघू नका, खाली बघा. झाडाच्या फांदीला किंवा पानाला अंड्यांची पिशवी टांगणारे कोळी पुष्कळ आहेत. ही एवढी मोठी झाडावरची कोळीण मात्र अंडी घालायला जमिनीवर उतरते, मातीत उथळ खड्डा करते, त्यात रेशमाची पिशवी ठेवते आणि वरून माती-पालापाचोळा ओढून झाकते. रॉबिन्सन दांपत्याने न्यू गिनीत हे पाहून लिहिलं. आपल्याकडे फार थोड्यांनी ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे, मी स्वतः इतक्या वर्षांत दोनदाच. काम झाल्यावर ती बहुधा परत जाळ्यावर येते, पोट सुकलेलं, आणि पुढच्या काही आठवड्यांत संपते. म्हणून ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून जमलं तर रोज फेरी मारा, बुंध्याभोवतीच्या जमिनीचा फोटो आधीच काढून ठेवा म्हणजे हललेली माती ओळखता येईल. जागा सापडली तर चार बाजूंना चार काटक्या रोवा, तारीख लिहा आणि पाचोळा उकरू नका.